हाय हिलचे संगमरवरी खांब

टेक्सासमधल्या हाय हिलच्या सेंट मेरीज चर्चच्या फोटोखाली आज एक कमेंट दिसली: ‘एवढा संगमरवर आणला कुठून?’

आणलाच नाही! ते खांब लाकडाचे आहेत.

इमारत 1906 ची, बाहेरून विटांची, आराखडा लिओ डीलमन यांचा. आतलं रंगकाम 1912 मध्ये स्टॉकर्ट आणि कर्न या चित्रकारांनी केलं. तिथले शेतकरी जर्मन बोलणारे, बरेचसे मोराव्हियाहून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या भागातून आलेले. त्यांना युरोपातल्या देवळांसारखं देऊळ हवं होतं, आणि जवळ होतं लाकूड.

लाकडावर संगमरवर उठवायचा तर आधी भेगा बुजवून, घासून फिकट ऑइलपेंटचा हात द्यायचा. तो वाळला की वर पातळ, पारदर्शक रंग. हा ओला असतानाच पिसाने किंवा बारीक ब्रशने शिरा ओढायच्या, लगेच मऊ ब्रशने कडा पुसट करायच्या. शेवटी व्हार्निश. उशीर झाला तर शिरा काढलेल्या रेघा वाटतात. सगळ्या एकाच दिशेला गेल्या तरी सोंग उघडं पडतं. आणि छत गळलं, लाकूड फुगलं, की रंगाचे पापुद्रे सुटतात.

गंमत म्हणजे, याच गावाने आधी रेल्वे नाकारली होती. ती शेजारच्या शुलेनबर्ग गावाला गेली, मागोमाग दुकानंही. तरी एवढं चर्च बांधलं. हट्ट म्हणायचा की श्रद्धा?