केस पेपरवर ‘गॅस’

पन्नाशी उलटलेली बाई सांगते, पोट डब्ब होतं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटतं. केस पेपरवर ‘गॅस’ लिहिलं जातं आणि अँटासिडची पट्टी हातात पडते. पहिल्या खेपेला यात चूक काही नाही, गॅसनेही पोट फुगतंच. तिसऱ्या खेपेलाही पोटाला हात न लावता तीच पट्टी लिहिली, की मात्र चुकायला लागलं.

बीजांडकोशाचा कर्करोग गुपचूप वाढतो म्हणतात, ते अर्धंच खरं. पोट फुगणं, ओटीपोट दुखणं, लवकर पोट भरणं, लघवीला सारखं लागणं, यातलं काहीही वर्षभराच्या आत नव्याने सुरू झालं असेल आणि महिन्यात १२ पेक्षा जास्त दिवस होत असेल, तर तपासणी हवीच. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज खूण करा आणि ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. ‘आयबीएस’ हा आतड्यांच्या चिडखोरपणाचा आजार पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू होणं विरळा, तेव्हा ते निदान मुकाट्याने मान्य करू नका.

सीए-१२५ या रक्ततपासणीवर लोकांचा नको तितका भरवसा असतो. ३५ च्या आत आलं की सुटलो, असं नाही: पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत हा आकडा नॉर्मलच येतो. उलट पाळी, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं) आणि पोटाचा टीबी यांतही तो चढतो. मुंबईत टीबीचा घोळ तर नेहमीचा. पोटात पाणी, वजन उतरलेलं, सीए-१२५ वाढलेलं, चित्र दोन्हींत सारखंच. पाणी काढून त्यात पेशी तपासल्या नाहीत, गरजेप्रमाणे बायोप्सी केली नाही आणि थेट टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, तर महिने हातचे जातात.

बीजांडकोशावर गाठ दिसल्यावर ती कर्करोगाची असण्याचा धोका मोजायला एक साधा गुणाकार असतो. सोनोग्राफीत अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याच्या खुणा यांपैकी एक दिसलं तर १ गुण, दोन किंवा जास्त दिसलं तर ३. पाळी गेली असेल तर ३, नाहीतर १. याला सीए-१२५ ने गुणायचं. पाळी गेलेल्या बाईचं सीए-१२५ फक्त ६० असलं, तरी दोन खुणांसह ३ × ३ × ६० म्हणजे ५४०. २०० च्या वर गेलं की कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच पाठवायला हवं. अशी गाठ दुर्बिणीतून काढताना पोटात फुटली, तर १ए टप्प्याचा (एकाच बीजांडकोशात बंदिस्त) १सी (गाठ फुटलेली) होतो आणि केमो टळली असती तिथेही ती द्यावी लागू शकते.

आता कायद्याचं. निदान उशिरा झालं एवढ्याने हलगर्जी ठरत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की निर्णयातली निव्वळ चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का, हा खरा प्रश्न. म्हणून ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ (आत कप्पे किंवा घट्ट भाग असलेली गाठ) लिहिलेला रिपोर्ट फाइलला लागून पुढे काहीच न होणं, हे ‘लक्षात आलं नाही’ यापेक्षा कितीतरी भक्कम प्रकरण. त्याला दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत जोडा. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं. सगळ्यांवर मोफत उपचार करणारं रुग्णालय मात्र या कायद्याखाली येत नाही, केस पेपरची नाममात्र फी भरली म्हणून कुणी ग्राहक ठरत नाही. तिथे मेडिकल कौन्सिल किंवा दिवाणी दावा.

कागद लगेच मागा, तेही लेखी, आणि अर्जावर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यावे लागतात, आणि दाखल रुग्णाचे कागद ३ वर्षंच जपण्याचं बंधन आहे. डिस्चार्ज कार्डावर भागवू नका: ऑपरेशन नोट्स, संमतीपत्र, सोनोग्राफीच्या प्रतिमा, आणि लॅबमधले मेणाचे ब्लॉक (काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात जपलेला) व स्लाइडही मागा. परळला टाटामध्ये पहिल्या भेटीलाच ते ब्लॉक मागतात.