तुम्ही विचारलंत म्हणून: गणितात अंदाज कसा चालतो?

"एवढी शिकलीस आणि अंदाजपंचेच मोजतीस व्हय?" आप्पा कित्येक वर्षं हेच विचारतात. राजारामपुरीतली मैत्रीण तेच जरा सभ्य शब्दांत विचारते. दरवेळी मी विषय बदलला. आज बदलत नाही.

मलाही हा प्रकार, म्हणजे नशिबावर बिंदू टाकून उत्तर काढणं, कमी दर्जाचा वाटायचा. एम.एस्सी.ला असताना मी ठामपणे म्हणायचे, ज्याला सिद्धता जमत नाही तो फासे टाकतो.

मग ते चर्चासत्र झालं. चौकोनी खोक्यात घट्ट बसणारा गोळा खोक्याचा किती भाग व्यापतो, हे मी 20 मितींत (लांबी, रुंदी, उंची अशा 3 नव्हे, 20 दिशांत) दाखवणार होते. खोक्यात कुठेही बिंदू टाकायचे, गोळ्यात किती पडले ते मोजायचं. 2 मितींत, म्हणजे चौरसातल्या वर्तुळाला, उत्तर 78.5 टक्के, 3 मितींत 52.4. 20 मितींत मी 10 लाख बिंदू टाकले. गोळ्यात एकही पडला नाही. पडद्यावर 0 दाखवला आणि म्हणाले, ही पद्धत कुचकामी आहे. मागच्या रांगेतून शांत आवाजात प्रश्न आला, "पद्धत राहू दे. गोळा आहे ना? मग तो गेला कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती, हे आजही सांगते. पण मी तिथं नुसती उभी राहिले, आणि ती शांतता अजून आठवते.

परतीच्या एसटीत वही काढली. 10 मितींतच गोळ्याचा वाटा पाव टक्क्यावर येतो, 20 मितींत साधारण चार कोटी बिंदूंमागे एक. बाकी सगळी जागा कोपऱ्यांकडे. अशा खोक्याला कोपरेच 10,48,576 असतात, माझ्या बिंदूंपेक्षा जास्त! कराड गेलं, पेठ नाका गेला, कावळा नाका आला तरी वही उघडीच होती.

आप्पा म्हणाले, "मग चार कोटी टाकायचे हुतेस की." टाकले असते. पण 100 मितींत 1 वर 69 शून्यं इतके बिंदूही पुरत नाहीत.

1989 मध्ये डायर, फ्रीझ आणि कन्नन या संशोधकांनी वेगळी वाट काढली. कोणतीही बहिर्वक्र आकृती घ्या, म्हणजे कुठेही आत खाच नसलेली. लहान गोळ्यापासून तिच्यापर्यंत एकात एक आकृत्या रचायच्या, लगतच्या दोघींत फार फरक नको. प्रत्येकीच्या आत रँडम वॉक (दर पावलाला दिशा नशिबावर ठरणारी भटकंती) सोडायचा, त्यातले किती बिंदू आतल्या आकृतीत पडतात त्यावरून दोघींच्या घनफळांचं गुणोत्तर काढायचं, शेवटी लहान गोळ्याच्या घनफळाला या सगळ्या गुणोत्तरांनी गुणायचं. चूक किती टक्क्यांच्या आत हवी ते आपण आधी ठरवतो, आणि ती हद्द ओलांडली जाण्याची शक्यता हवी तेवढी कमी करता येते. आप्पा, अंदाजपंचे याला म्हणत नाहीत.

शिवाय "हा बिंदू आत की बाहेर" एवढंच विचारायची मुभा असेल, तर नशिबाचा आधार न घेता घनफळाच्या जवळपासही वाजवी वेळात पोचता येत नाही. बारानी आणि फ्युरेदी यांनी हे त्याआधीच सिद्ध केलं होतं. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

तरी एम.एस्सी.तली मी गप्प बसत नाही. ती विचारते, आकृतीच्या सीमा ठरवणारी असमीकरणंच हातात दिली तर? तेव्हाही फासे लागतातच का? ते अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. थांब, निघेल वाट, ती म्हणते. मी तिला नाही म्हणू शकत नाही.