गेटच्या आत कोणाचं, बाहेर कोणाचं

नवी मुंबईत बिऱ्हाड थाटलं की पहिल्या आठवड्यात घराचा पत्ता पाठ होतो. सेक्टर, भूखंड क्रमांक, इमारत. नेरुळात तर साधारण हिशेबही जमतो: रुळाच्या पूर्वेला विषम सेक्टर, पश्चिमेला सम. तक्रारीचा पत्ता मात्र असा पाठ होत नाही. गटार तुंबलं, दिवा गेला, झाड वाकलं, की आधी प्रश्न पडतो तो 'हे कोणाचं?' हाच. उत्तर बहुतेक वेळा सोसायटीच्या गेटखालून जाणाऱ्या न दिसणाऱ्या रेघेवर असतं.

घोळ शहराच्या जन्मातच आहे. १९७० साली सिडको, म्हणजे शहर वसवणारं राज्य सरकारचं महामंडळ, आली, तिनं जमीन घेतली, आखणी केली, घरं बांधली. महापालिका त्यानंतर, १ जानेवारी १९९२ ला. म्हणजे लेकराला जन्म एकीनं दिला आणि सांभाळायला दुसरीकडे दिलं. जमिनीची मालकी अजून पहिलीकडेच. त्यात खारघर, कामोठे, कळंबोली ही बोलण्यात 'नवी मुंबई', पण मालमत्ता कर पनवेल महापालिकेला, जी २०१६ च्या १ ऑक्टोबरला स्थापन झाली. तेव्हा पहिलं काम एकच: कराचं जुनं बिल काढून वरचं नाव वाचायचं. नवी मुंबई महापालिकेची विभाग कार्यालयंही आठ आहेत, बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा. जवळचं ते आपलं असतंच असं नाही. सानपाड्याचा माणूस वाशीला जातो आणि तुर्भ्याला पाठवला जातो.

घर विकत घेतलेल्यांनी नावं बदलायचा क्रम नीट धरावा. भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्याचा असेल तर आधी सिडकोची हस्तांतरणाची परवानगी, मग दस्त नोंदणी, मग सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), मग करपावतीवर नाव, मग महावितरणच्या बिलावर. ही साखळी आपोआप पुढे सरकत नाही. नोंदणी झाली म्हणजे सगळीकडे नाव लागलं असं मानणारे लोक वर्षानुवर्षं आधीच्या मालकाच्या नावानं इमानेइतबारे वीजबिल भरत असतात. प्रत्येक खिडकीवर इंडेक्स टूची, म्हणजे दस्त नोंदणीच्या उताऱ्याची प्रत लागते, तेव्हा चार काढून ठेवाव्यात. व्यवहाराआधी कराची थकबाकी बघायलाच हवी, कारण ती माणसाला नाही, घराला चिकटते. कराचे दोन सहामाही हप्ते असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. सावकार बरा वाटावा असा हा दर आहे.

आता गेटची रेघ. मलवाहिनी तुंबली की आधी शिव्या महापालिकेला मिळतात. त्याआधी पाच मिनिटं खर्चावीत. सोसायटीच्या भिंतीलगतचं शेवटचं चेंबर उघडायचं. ते रिकामं आणि त्याच्या आधीचं काठोकाठ भरलेलं, तर बोळा दोघांच्या मधल्या पाइपात, म्हणजे आपला. माणूस बोलवायचा, पैसे सोसायटीनं द्यायचे. शेवटचं चेंबरही भरलेलं असेल तर बहुतेक अडथळा रस्त्याखालच्या वाहिनीत असतो, मग विभाग कार्यालयाला कळवायचं. आतल्या चेंबरात काय सापडतं हे कोणी मोठ्यानं सांगत नाही: सॅनिटरी नॅपकिन, वेट वाइप्स, भांडी घासायचा काथ्या आणि थिजलेलं तेल. यातलं एकही महापालिकेनं टाकलेलं नसतं.

पाण्याचंही तसंच. बिल अचानक दुप्पट आलं की मीटरवर संशय घेतला जातो, आणि मीटर बहुधा निर्दोष सुटतो. रात्री तळटाकी पूर्ण भरू द्यायची, पंप बंद करायचा, आकडा लिहून घ्यायचा आणि पहाटे पुन्हा बघायचा. भरलेल्या टाकीवरही आकडा पुढे गेला असेल तर एक तर फ्लोट व्हॉल्व (टाकी भरली की पाणी थांबवणारी झडप) अडकलाय आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून गुपचूप गटारात जातंय, नाही तर मीटर आणि टाकीच्या मधली नळी गळतेय, किंवा टाकीच झिरपतेय. तिसऱ्या शंकेसाठी टाकीचा आत येणारा व्हॉल्व बंद करून पाण्याची पातळी पट्टीनं मोजायची. गळती मिनिटाला १० लिटरची धरली, तर ती नळाची चांगली मोठी धार. सहा तासांत ती ३,६०० लिटर होते. मीटरवरचा एक युनिट १,००० लिटरचा, म्हणजे झोपेत साडेतीन युनिट. देखभालीसाठी पुरवठा बंद राहून सुरू झाला की पहिलं पाणी गढूळ येतं, वाहिनीत बसलेला गाळ सुटून निघतो. त्या वेळी टाकीत पाणी घ्यायची घाई करू नये.

दिव्यांबाबत एक गैरसमज पक्का आहे. रस्त्यावरचा दिवा गेला की लोक महावितरणला फोन करतात. घरातली वीज गेली तर १९१२, ते बरोबर. पण रस्त्याचा खांब महापालिकेच्या विद्युत विभागाचा. खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तक्रारीत तो लिहावा. 'बागेसमोरचा दिवा' एवढं लिहिलं तर दुरुस्ती करणारा बागेला चक्कर मारून जातो.

झाड गेटच्या आतलं असो वा बाहेरचं, फांदी तोडायला परवानगी लागतेच. त्यासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. अर्ज उद्यान विभागाकडे, फोटोसह, आणि मार्चमध्ये. मे अखेरीला सगळ्या शहराला एकदम आपापले वाकलेले पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) आठवतात. घराचं नूतनीकरण करणाऱ्यांनी डेब्रिजची, म्हणजे तोडफोडीच्या राडारोड्याची वाहतूक कुठे आणि कोणाच्या परवानगीनं, हे कंत्राटदाराकडून आधीच लिहून घ्यावं. खाडीकाठी रात्री रिकामा होणारा टेम्पो महापालिकेच्या पथकानं पकडला तर शोध घरमालकापर्यंत येतो.

जन्मदाखला मात्र घराच्या पत्त्यावर चालत नाही. बाळ जिथे जन्मलं तिथल्याच निबंधकाकडे नोंद होते. वाशीत राहणाऱ्यांचं मूल दादरच्या रुग्णालयात झालं तर दाखला मुंबईचाच. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. नाव पक्कं नसलं तरी नोंद करून टाकावी, नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. बारसं लांबलं म्हणून नोंद लांबवू नये.

आणि मग जुलै. कोणाचंच नसलेलं पाणी. इथली बरीच जमीन खाडीत भराव घालून केलेली, भरतीच्या पातळीपेक्षा खाली. म्हणून सिडकोनं धारण तलाव केले: पावसाचं पाणी आधी तलावात जातं, भरतीला तोंडाची झडप बंद होते, ओहोटीला उघडते. वाशी-बेलापूरला पाणी तुंबतं ते मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी गाठ पडते तेव्हा. शिवाय तलावांत गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली, आणि खारफुटीला संरक्षण असल्यानं गाळ काढायलाही परवानग्या लागतात. म्हणून सखल सेक्टरातला जुना रहिवासी पावसाचा इशारा वाचून थांबत नाही, भरतीची वेळही बघतो. साडेचार मीटरच्या वरची असेल तर गाडी आदल्या रात्रीच उंचावरच्या रस्त्याला लावून येतो.