भरती बाराची

डिसेंबर लागला की आमच्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो. "ताई, थर्टी फर्स्टला फटाके कुठून चांगले दिसतील?" खोलीचं भाडं, गरम पाणी, सुरमई मिळेल का, हे सगळं त्यानंतर. रत्नागिरीजवळ, खाडीपलीकडे भाट्यात आमचं घरगुती निवास आहे. दोन खोल्या, वर कौलं, मागे विहीर. इतक्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ झालं होतं, आणि तोंडपाठ होतं म्हणूनच घोळ झाला.

रत्नागिरीत कुणी एक जण ठरवून मोठी आतषबाजी करत नाही. हॉटेलवाले आपले उडवतात, वाड्यांतली पोरं आपले, कुणी गच्चीवरून, कुणी जेटीवरून. त्यामुळे एका ठिकाणी जवळ जाऊन उभं राहिलात तर डोक्यावरचे चार बाण आणि धूर, एवढंच पदरात पडतं. सगळं मिळून बघायचं तर लांब जावं, उंच जावं, नाहीतर पाण्याच्या अलीकडे थांबावं. उंच म्हणजे थिबा पॉइंट. खाली काजळीची खाडी, भाट्याचा पूल, समोर समुद्र. (ब्रह्मदेशच्या त्या थिबा राजाला राजवाडा मिळाला 1910 साली आणि तो वारला 1916 साली. आता त्याच्या नावाच्या कड्यावर लोक भेळ खातात.) रत्नदुर्गही उंच आहे, पण तिथे भगवती बसलेली. रात्री बारा वाजता बाटल्या घेऊन मी कुणाला तिथे पाठवत नाही. आरे-वारेचा किनारा सूर्यास्तापुरता. गणपतीपुळ्याला जायचं तर पंचवीसेक किलोमीटर आणि परतताना नाकाबंदी. मांडवीच्या किनाऱ्यावर गर्दी इतकी की गाडी लावेपर्यंत नवं वर्ष उजाडतं.

मग शेवटी मी सांगायची आमचीच पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. सुरूच्या बनातून खाली उतरलं की उजवीकडे खाडीचं मुख, पलीकडे राजिवडा, मांडवी आणि त्याही पलीकडे रत्नदुर्गाचं दीपगृह. सगळं पाण्यावरून दिसतं, पाण्यात दिसतं आणि धूर आपल्याकडे येत नाही.

2024 च्या 31 डिसेंबरला आमच्याकडे पुण्याचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको, आठेक वर्षांचा मुलगा आणि आजी. गाडी इतकी नवी की सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. माजी पंतप्रधान मनमोहन सिंग गेल्यामुळे देशभर सात दिवसांचा दुखवटा होता. त्यांनी विचारलं, फटाके तरी होतील ना? मी म्हटलं, सरकारी झेंडा अर्ध्यावर असतो, पोरांचे बाण नसतात.

संध्याकाळी ते सूर्यास्त बघायला पुळणीवर जाऊन आले आणि एकदम खूश. "वहिनी, केवढा मोठा बीच आहे! वाळू तर रस्त्यासारखी कडक. रात्री गाडी खाली नेली तर चालेल ना? आईला चालवत नाही, ती आली तर गाडीत बसून बघेल."

मी तेव्हा चुलीपाशी होते. एका तव्यावर सुरमई, दुसरीकडे सोलकढी गाळायची राहिलेली, आणि त्या दिवशी मंगळवार, म्हणून सासूबाईंची वरणभाताची चूल वेगळी. मी मान न वळवता म्हटलं, "हो हो, न्या की."

हे दोन शब्द मी आजही विसरलेले नाही.

सासूबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मला विचारलं, "आज तिथ कंची गो?"

"बघते नंतर," म्हटलं मी. सासूबाईंना रोजच तिथी हवी असते.

त्या शाळेत चौथीपर्यंतच गेल्या, पण पाऊणकी त्यांना अजून पाठ आहे. आमच्या किनाऱ्यावर भरतीचं गणित पाऊणकीचंच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. दिवसा तेवढे वाजता आणि रात्रीही साधारण तेवढेच. 2025 च्या 31 डिसेंबरला द्वादशी होती, बारा पाऊणे नऊ. नऊला भरून बारापर्यंत पाणी अर्धं उतरलेलं, कुणाला काही त्रास नाही. पण 2024 ला आदल्या दिवशी सोमवती अमावास्या झालेली. 31 च्या पहाटे प्रतिपदा लागली. म्हणजे भरती बाराच्या आगेमागे आणि तीही उधाणाची. त्यात थंडीचे दिवस. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी, थंडीत रात्रीची मोठी, हे इथल्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा. आणि भरती बाराला म्हणजे सुकती, ओहोटी, सहाला. पाहुण्यांनी सूर्यास्ताला जी रस्त्यासारखी पुळण पाहिली, ती समुद्राने सहा तासांसाठी उघडी टाकलेली होती.

यातलं सगळं मला माहीत होतं. आठवलं नाही, एवढंच.

साडेदहाला ते तिघे निघाले. आजींनी ऐन वेळी यायचं नाकारलं, थंडी बाधते म्हणाल्या. सव्वाअकराच्या सुमारास मी भांडी घासत होते आणि ओट्यावर दोघी म्हाताऱ्या गप्पा मारत होत्या. सासूबाईंचा आवाज आला, "गाडी कुठं लावली हो तुमच्यांनी?"

"खाली वाळूवर. मुलाने आत्ताच फोटो पाठवला बघा, अगदी पाण्याजवळ."

सासूबाई फोटो बघायला थांबल्याच नाहीत. "मेल्यांनो, आज पाडवो!" एवढंच ओरडल्या. माझ्या हातातलं पातेलं तसंच मोरीत राहिलं.

आमचे हे स्कूटर काढेपर्यंत मी चालतच निघाले. बनातून खाली उतरले तर पुळण उरलीच नव्हती. अंधार मिट्ट, चंद्र नाही, आणि लाटेचा आवाज जिथून यायचा त्याच्या कितीतरी अलीकडून येत होता. गाडीचे दिवे समुद्राकडे तोंड करून लागलेले. साहेब आत बसून ॲक्सिलरेटर दाबत होते आणि पुढची दोन्ही चाकं स्वतःसाठी खड्डा खणत होती. त्यांच्या बायको, म्हणजे वहिनी, बाहेर गुडघाभर पाण्यात. मुलगा बनाच्या कडेला कठड्यावर उभा, हातात न पेटवलेल्या फुलबाज्या.

"आधी पाय काढा त्याच्यावरून!" मी पाहुण्यांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

वाडीतली चार-पाच पोरं धावत आली. कुणी माडाची झापं आणली, ती चाकांखाली सारली. कुणी टायरमधली हवा कमी केली, म्हणजे चाक पसरतं आणि वाळू धरतं. पण पाणी आल्यावर वाळूला धरण्यासारखं काही उरत नाही. प्रत्येक लाटेबरोबर गाडी किंचित उचलली जायची आणि खाली बसताना बोटभर आणखी रुतायची. ह्यांनी होडीच्या नांगराचा दोर आणला. गाडी निदान पुढे जाऊ नये म्हणून ती सुरूच्या बुंध्याला बांधायची, असं ठरलं. पण बांधायचं कशाला? बऱ्याच नव्या गाड्यांना मागे हूक नसतो. तो डिकीत स्टेपनीच्या खणात असतो आणि स्क्रूसारखा पिळून बसवावा लागतो. साहेबांना हे माहीतच नव्हतं. वहिनींनी मोबाईलच्या उजेडात पुस्तिका वाचून तो शोधला. साहेब तोवर कंपनीच्या हेल्पलाइनवर एक दाबा, दोन दाबा करत होते.

शेजारच्यांचा चिरे वाहणारा ट्रॅक्टर आहे. त्याचा ड्रायव्हर त्या रात्री ट्रॅक्टर चालवण्याच्या अवस्थेत नव्हता. चूक नाही त्याची, थर्टी फर्स्टच होता. त्याचा मोठा भाऊ निघाला, पण ट्रॅक्टरची चावी धाकट्याच्या खिशात आणि धाकटा मांडवीला फटाके बघायला. पूल ओलांडून चावी येईपर्यंत बारा वाजायला पाच कमी.

अकरा पंचावन्न ते साडेबारा. नववर्षाच्या रात्री फटाके उडवायला सुप्रीम कोर्टाने 2018 साली हीच पस्तीस मिनिटं आखून दिली आहेत. समुद्रानेही त्या दिवशी नेमकी तीच निवडली.

ट्रॅक्टर बनातून उतरला तेव्हा पाणी बोनेटच्या जाळीला लागत होतं. दोर मागे बांधला. आम्ही सहा जण गाडीच्या पुढे, कमरेएवढ्या पाण्यात, समुद्राकडे पाठ करून बोनेटला खांदे लावून उभे. लाट आली की ढकलायचं, लाट गेली की थांबायचं. लाटेने उचललेली गाडी हलकी असते, हे ह्यांचं होडीवरचं शहाणपण. आणि तेवढ्यात आमच्या पाठीमागे मांडवी फुटली.

मी वळून बघितलं नाही. वळता येतच नव्हतं. पण समोर गाडीची काच होती. तिच्यात आधी हिरवं काहीतरी उमललं, मग लाल, मग एकदम पांढऱ्या ठिणग्यांचा पाऊस, आणि त्या सगळ्याच्या मधे स्टिअरिंग धरून बसलेल्या साहेबांचा घाबराघुबरा चेहरा. बाण फुटला की काच उजळायची, आवाज मागाहून यायचा. कठड्यावरून पोरगा ओरडत होता, "एक, दोन, तीन, चार, पाच... धूम! काकी, पाच!" संध्याकाळी ह्यांनीच त्याला शिकवलं होतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, बाण फुटल्यापासून सेकंद मोज म्हणजे मांडवी किती लांब ते कळेल. तो इमानेइतबारे मोजत होता. त्या रात्री रत्नागिरीची आतषबाजी नीट पाहिलेला आमच्यातला तो एकटाच.

सातव्या की आठव्या लाटेला गाडी सुटली. ट्रॅक्टरने ती फरफटत बनापर्यंत ओढली. बारा वीस झाले होते. पोरांनी शिट्ट्या मारल्या. साहेब खाली उतरले, बूट हातात, आणि काही बोलण्याऐवजी प्रत्येकाशी हात मिळवत सुटले. "हॅपी न्यू इयर" वगैरे कुणालाच सुचलं नाही. वहिनी रडत होत्या आणि मधेच हसत होत्या.

मी त्यांना सांगितलं, चूक माझी, मी हो म्हटलं. साहेब म्हणाले, "अहो वहिनी, किनाऱ्यावर गाडी नेऊ नका अशी पाटी असते, मला वाचता येतं की." हे ते मनापासून म्हणाले की माझी लाज राखायला, ठाऊक नाही. त्या रात्रीचं भाडं मी घेतलं नाही. निघताना त्यांनी ट्रॅक्टरचे पैसे वेगळे दिले आणि भाड्याचे उशीखाली ठेवून गेले.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या रात्री गाडी ढकलत अंगणात आणली तेव्हा सासूबाई पदर खोचून विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. बाजूला चार बादल्या भरलेल्या, पुण्याच्या आजी टॉर्च धरून.

"खारं पाणी रातभर ठेवायचं नाय," सासूबाई म्हणाल्या. "लोखंड खातं. खालनं धुवा आधी, चाकांत मारा."

पंप लावला तर एकच्या सुमारास लाईट गेली. मग रहाटाने पाणी काढलं. साहेब गाडीखाली पाठीवर झोपलेले, वहिनी आणि मी बादल्या देतोय, हे रहाट ओढतायत. पोरगा मागच्या पायरीवर बसून उरलेल्या फुलबाज्या एकेक करून पेटवत होता, तेवढाच उजेड. सासूबाई बादल्या मोजत होत्या. चाळीस झाल्या तेव्हा साहेब खालून म्हणाले, "आजी, आता बास?"

"अजून धा," सासूबाई म्हणाल्या.