झाड तोडलं नाही, फक्त चर खोदला

रस्त्याकडेचा जुना आंबा किंवा वड जुलैत आडवा झाला की पंचनाम्यात 'वादळी वाऱ्याने पडले' एवढंच येतं. आदल्या मे महिन्यात बुंध्याला खेटून पाण्याची लाइन किंवा वीजकेबल गेली होती, हे त्यात कुठेच येत नाही. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, गाव कुठलंही घ्या, भूमिगत कामांच्या आराखड्यात 'तोडावयाची झाडे' या रकान्यात बहुतेक वेळा शून्य असतं. कागदावर ते खरंही असतं, कारण कुऱ्हाड कुणी चालवलेलीच नसते.

आपल्याकडे कोकणात कातळावर मातीचा थर फूट-दोन फूट. मुळं खाली जायला जागाच नाही, म्हणून ती जांभ्याच्या फटी धरत आडवी लांबवर पसरतात. तिथे मीटरभर खोल चर मारला की त्या बाजूचं जवळजवळ सगळं मूळ गेलं. त्यात पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. झाडाला उभं धरतात ती मुख्यतः वाऱ्याकडच्या बाजूची मुळं, तंबूच्या दोरांसारखी ताणून. किनाऱ्याला समांतर रस्त्याच्या पूर्वेकडे झाड असेल आणि चर रस्ता व झाड यांच्यामधून गेला, तर नेमके हेच दोर तुटतात. पश्चिमेकडच्या झाडाला तोच चर तुलनेने कमी घातक. लाइन कोणत्या बाजूने न्यायची हे ठरवताना हा विचार झालेला मात्र क्वचितच दिसतो.

अंतराचा हिशेब सोपा आहे. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजा आणि त्याची चौपट करा. घेर 2 मीटर असेल तर 8 मीटरपर्यंत जेसीबी नको. आपल्या गल्ल्यांत एवढी मोकळी जागा मिळणार नाही, हे मान्य. म्हणून त्या टप्प्यात टिकाव-पहारीने हाताने खोदाई, 25 मिमीपेक्षा जाड मूळ तोडायचं नाही, पाइप त्याच्याखालून सरकवायचा. बुंध्यापासून 1 मीटरच्या आत तर काहीच नाही. एचडीपीई म्हणजे वाकणारा प्लास्टिकचा पाइप आणि केबल अशी सरकवता येते, डीआयचा म्हणजे लोखंडी, साडेपाच-सहा मीटरचा ताठ नळ नाही. त्यामुळे डीआय लाइनची रेषा आधीच झाडांपासून दूर आखावी लागते.

दुसरा मार्ग आडव्या ड्रिलिंगचा, म्हणजे एचडीडी. दोन्ही टोकांचे खड्डे मुळांच्या टप्प्याबाहेर घ्यायचे आणि मधली लाइन मुळांच्या खालून न्यायची. ठेकेदार 'खाली कातळ आहे, जमणार नाही' म्हणतो. कातळात ड्रिलिंग होतं, फक्त दर वाढतो. सुट्या धोंड्यांत मात्र ड्रिल खरंच भरकटतं. हा खर्च मूळ अंदाजपत्रकातच हवा. वर्क ऑर्डर निघाल्यावर तो 'एक्स्ट्रा आयटम' होतो आणि फाइल तिथेच बसते. शिवाय एकदा खोदतोच आहोत तर जोडीला एक-दोन मोकळे डक्ट, म्हणजे पुढच्या केबलसाठी रिकाम्या नळ्या, टाकून ठेवावेत, नाहीतर पुढच्या वर्षी ऑप्टिकल फायबरवाले तिथेच पुन्हा हजर.

मुळं कापावीच लागली तर करवतीने, सरळ. जेसीबीच्या बकेटने मूळ ओढलं की साल पार बुंध्यापर्यंत चिरत जाते, आणि त्याच चिरेतून कुज आत शिरते. उघडी मुळं उन्हात ठेवू नका, ओलं गोणपाट घाला, आणि शक्यतो त्याच दिवशी चर बुजवा. भरणी निघालेल्या मातीचीच हवी. वरून डबर आणि काँक्रीट ओतून बुंध्याला पेव्हर ब्लॉक भिडवले की उरलेल्या मुळांनाही ना पाणी मिळतं ना हवा.

कायदा इथे लोकांना वाटतो तितका लुळा नाही. नागरी भागाच्या 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येतच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. तेव्हा तक्रारीत 'झाडाला त्रास होतोय' असं मोघम लिहू नका. नगर परिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याला झाडाची जात, घेर, चराचं बुंध्यापासूनचं अंतर, चराची खोली आणि तुटलेल्या मुळांची जाडी लिहून द्या. फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. हे सगळं चर उघडा असतानाच करायचं. माती पडली की पुरावाही गेला. ग्रामपंचायत हद्दीत हा कायदा नाही. तिथे 1964चा वृक्षतोड कायदा लागतो आणि तो ठरावीक जातींपुरताच आहे. आंबा, फणस, जांभूळ त्यात आहेत, वड-पिंपळ नाहीत.

चर बुजला म्हणून धोका टळला असं नाही. शेंडा विरळ होणं, वरच्या काटक्या वाळणं, बुंध्याशी अळंबी उगवणं, हे दोन-तीन पावसाळ्यांनीही दिसू शकतं. 'तोल साधायला' एका बाजूच्या फांद्या साफ उतरवण्याची घाई मात्र करू नका, त्याने झाड आणखी दुबळं होतं. पहिल्या जोराच्या पावसानंतर समुद्राकडच्या बाजूची जमीन बघा. तिथे बुंध्याभोवती कमानीसारखी भेग पडली असेल किंवा वाऱ्याबरोबर माती उचलत असेल, तर त्या झाडाखाली गाडी लावू नका, आणि अर्ज त्याच दिवशी देऊन पोच घ्या.