काळ्या मातीवर गोदामाचा कोबा घालताना

हळदीच्या गोदामाला पत्रा कुठला घातला हे कुणीही विचारतं. खाली काय घातलंय हे विचारणारा बहुतेक करून जुना अडत्या असतो. थप्पीत ओल शिरते ती जास्त करून खालूनच. पावसाळा संपून तळची पोती हलवली की मग कळतं, बुरशी कुठवर चढली ते. सांगलीची हळद पूर्वी हरिपूरच्या पेवांत असायची. जमिनीखाली खोल खड्डे, वरून बंद, आणि माल वर्षानुवर्षं कोरडा. ती माती तशी होती. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली, आणि धंदा गोदामं आणि कोल्ड स्टोरेजकडे सरकला तो सरकलाच.

आमची जागा मिरजेच्या बाजूला, काळ्या रानात. २७ मीटर रुंद, ४५ मीटर लांब गोदाम आणि पुढच्या अंगाला ऑफिसचा एक मजला असं ठरलं. जोत्याची उंची २०१९ च्या पुराच्या खुणेवरून धरली, त्यावर घरात दुमत नव्हतं. भांडण झालं ते कोब्यावरून.

आमच्या घरची सगळी बांधकामं करणारे ठेकेदार, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मालक, खाली दगडाचं सोलिंग, वर सहा इंची कोबा, त्यात बारा एमएमची जाळी. हत्ती नाचवा." स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमनी जाळीचा विषयच काढला नाही. त्यांनी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. थप्पी किती पोत्यांची? पुढं रॅक लावणार का? फोर्कलिफ्ट किती टनी? चाकं हवेची की भरीव? मी म्हटलं, आत्ता तरी हमालच आहेत. त्या म्हणाल्या, "कोबा पुढच्या तीस वर्षांसाठी घालायचा, हमाल किती वर्षं मिळतील ते तुम्हीच सांगा."

तीन टनी फोर्कलिफ्टनं माल उचलला की मशीन आणि माल मिळून जवळजवळ सगळं वजन पुढच्या दोन चाकांवर येतं. रॅकचं तर आणखी वाईट, पायाखालच्या तळहाताएवढ्या पट्टीवर कित्येक टन, तेही कायमचे. अशा वजनाखाली कोब्याच्या पोटात जो ताण येतो तो जाडी वाढवली की झपाट्यानं उतरतो, साधारण जाडीच्या वर्गाच्या हिशोबानं. सळई जाड केल्यानं तो तसा उतरत नाही. जमिनीवर टेकलेल्या कोब्यात सळईचं काम भेग अडवण्याचं नसून पडलेली भेग मिटून धरण्याचं आहे. म्हणून ठरलं ते असं: जाडी २०० मिमी, आणि जाळी फक्त ८ मिमीची, २०० मिमी अंतरावर. अण्णांना ही जाळी म्हणजे थट्टाच वाटली.

पण खरा पैसा गेला तो याच्याही खाली.

चाचणीचे खड्डे घेतले तर सव्वा मीटर काळी माती, मग पिवळा मुरूम. ही माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगते हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. इमारतीखाली ती एकसारखी फुगत नाही, हा त्रास आहे. मध्यभागी ऊनही नाही आणि वाराही नाही, तिथली ओल टिकून राहते. कडेची माती मात्र दर वर्षी सुकते-भिजते. कोबा मध्ये एक वागतो, कडेला दुसरं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर द्यायची पद्धत बसवली, कालव्यांच्या अस्तरासाठी ती खूप वापरली गेली. आमच्याकडे काळा थर फार खोल नव्हता, म्हणून मॅडमनी सगळाच काढायला लावला. शेजारचा ऊसवाला ट्रॉल्या भरून आनंदानं घेऊन गेला.

भराव मुरमाचा. २० सेंटीमीटरचा थर, पाणी, व्हायब्रेटर रोलर, मग नमुना काढून घनता. प्रयोगशाळेत जी कमाल येते तिच्या ९५ टक्के भरली तरच वरचा थर. हे फार कंटाळवाणं काम आहे. त्यात रोलर कॉलमजवळ जाऊ शकत नाही. तिथं हातानं चालवायचं रॅमर मशीन घेऊन पातळ थरांत ठोकावं लागतं, आणि मुकादम नेमकं तेच उरकतो. कुठल्याही जुन्या गोदामात जाऊन बघा, कोबा खचलेला असतो तो कॉलमच्या भोवती किंवा दाराशी.

सोलिंगला मॅडमनी चक्क नाही म्हटलं. मोठ्या दगडांमधल्या पोकळ्या वरून भरल्यासारख्या दिसतात, आत तशाच राहतात. त्याऐवजी रस्त्याला घालतात तसं वेट मिक्स, म्हणजे पाणी घालून मिसळलेली खडी-कच, त्यावर १०० मिमी पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. कागदाचे जोड ३०० मिमी एकावर एक आणि टेप मारून. माझ्या हळदीसाठी सगळ्यात महत्त्वाचा तो कागद. खालची ओल तिथंच थांबते. शिवाय कोबा आकसताना खालच्या थराला घासून अडत नाही, सरकतो. याची दुसरी बाजूही त्यांनी सांगून ठेवली. काँक्रीटचं जादा पाणी खाली जायला वाट राहत नाही, सगळं वर येतं. वरचा भाग आधी सुकतो आणि तुकड्यांच्या कडा उचलतात. म्हणजे कागद घातला की पाण्यावर दुप्पट लक्ष.

पाण्याचाच आणखी एक घोळ होता. आमच्या बोअरचं पाणी खारं, हा पट्टाच क्षारपड. तपासून घेतलं तर क्लोराइड आयएस ४५६ च्या, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या, मर्यादेबाहेर. सळई असलेल्या काँक्रीटसाठी ती लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. काँक्रीट प्लँटवरून येणार होतं, पण क्युरिंगला, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवायला, हेच पाणी दोन आठवडे मारायचं म्हणजे मीठच मुरवायचं. टँकर ठरवले.

छप्पर आणि भिंती आधी, कोबा शेवटी, हाही क्रम मॅडमचा. अण्णांना कोबा आधी हवा होता, शेड उभी करायला सपाट जागा मिळते म्हणून. पण उघड्यावर ओतलेल्या काँक्रीटवर ऊन आणि वारा दोन्ही तुटून पडतात. पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे किलोभर पाणी उडायला लागलं की ओलं असतानाच भेगा पडतात, आणि फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात तेवढं सहज उडतं. पत्रे चढले, खिडक्यांना शेडनेट बांधली, मगच पहिली गाडी मागवली.

रुंदीत साडेचार मीटरचे सहा पट्टे. एक सोडून एक ओतायचे, मधले नंतर. पट्ट्यांच्या मधल्या सांध्यात २५ मिमीचे डॉवेल, म्हणजे दोन्ही पट्ट्यांत अर्धे-अर्धे शिरलेले सळईचे तुकडे, ३०० मिमीवर. फोर्कलिफ्ट एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाताना वजन या डॉवेलमधून पलीकडे जातं, कड एकटीच सोसत नाही. इथं फिटर आणि मॅडम यांची चांगलीच जुंपली. त्यानं पीळदार सळईचे तुकडे कापून बांधून टाकले होते. मॅडमनी सगळे काढायला लावले. डॉवेल गुळगुळीतच हवा, अर्ध्या भागाला प्लास्टिकची नळी हवी, सगळे एकमेकांना समांतर आणि लेव्हलमध्ये हवेत. पीळदार सळई दोन्ही पट्टे घट्ट धरून ठेवते. मग आकसताना सांधा उघडत नाही आणि काँक्रीट मनाला येईल तिथं फाटतं. फिटर पुटपुटला, "एवढी वर्षं असंच करतोय." मॅडम म्हणाल्या, "भेगाही तेवढीच वर्षं बघत असाल." तो हसला आणि कामाला लागला.

जाळी सळईच्या छोट्या खुर्च्यांवर बसवली, वरून ६५ मिमी खाली. आपल्याकडे जाळी कागदावर अंथरतात आणि ओतताना आकड्यानं वर ओढू म्हणतात. ती वर येत नाही, आली तरी माणसं तुडवून परत खाली घालतात. ६५ मिमी का, तर वरून सांध्याची चीर ५० मिमी कापायची होती, आकसताना काँक्रीट त्या रेषेतच फाटावं म्हणून. कटरचं पातं सळईला लागता कामा नये. कॉलमभोवती शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटी सोडल्या आणि भिंतीलगत फोमची पट्टी, म्हणजे कोबा इमारतीपासून सुटा.

काँक्रीट एम-३०, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकद, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५. नावात ३० असलं तरी मिक्स ३८ च्या वर धरून बसवतात. रोजचा फरक गृहीत धरून ३० च्या खाली फारसं काही जाऊ नये, म्हणून. एका पट्ट्याला साधारण ४० घनमीटर, म्हणजे सहा घनमीटरच्या सात गाड्या. पहाटे सुरुवात करायची. पहिल्याच दिवशी तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला, "शेट, माल जरा कडक वाटतोय, पाणी मारू का थोडं?" ओढणारे गडी एका सुरात "मारा की!" त्यांचं चूक नाही, कडक माल ओढताना कंबर त्यांची मोडते. पण त्या थोड्या पाण्यात सगळं मिक्स डिझाईन वाहून जातं. मॅडमनी प्लँटच्या माणसाला साइटवरच उभं केलं होतं. त्यानं स्लंप घेतला, म्हणजे माल किती कडक-सैल ते बघितलं, आणि मोजून माल सैल करणारं अ‍ॅडमिक्श्चर घातलं. गाडीचा पाण्याचा पाइप मी स्वतः गुंडाळून केबिनमध्ये ठेवला. चलनावर वेळ बघायचं कामही माझ्याकडं होतं. दोन तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे.

आधी काँक्रीट दाबून बसवणारी नीडल, मग सपाट करणारा स्क्रीड, मग जादा पाणी ओढून घेणारी ट्रिमिक्सची चटई आणि पंप. चटई अंथरून पंप सुरू केला की नळीतून गढूळ पाणी ओढलं जाताना दिसतं, आणि थोड्या वेळात त्याच काँक्रीटवर माणूस उभा राहतो. बुटाचा ठसा तीन-चार मिमीच उमटायला लागला की पृष्ठभाग कडक करणारी हार्डनरची पूड आणि घोटायचं पॉवर ट्रॉवेल. आमच्याकडं गडी त्या मशीनला हेलिकॉप्टर म्हणतात. वर पाणी साचलेलं दिसलं की कोरडं सिमेंट भुरभुरवायची गवंड्यांची सवय आहे. त्याची पापडी वर्षभरात सुटते आणि गोदामात धूळ उडत राहते. हळदीच्या धंद्यात ती धूळ पोत्यावर बसली की गिऱ्हाईक भेसळीचा संशय घेतं. कोरड्या सिमेंटचं पोतं मी आत येऊच दिलं नाही.

सगळ्यात जास्त धावपळ झाली ती कटरवाल्यासाठी. चीर त्याच रात्री मारायची असते. लवकर मारली तर कडा खडी सोडतात, सकाळपर्यंत थांबलं तर काँक्रीट आपली चीर आपणच काढून मोकळं झालेलं असतं. कटरवाल्याला दुसऱ्या दिवशी दहाला यायचं होतं, त्याच्या हिशोबात ते लवकर होतं. शेवटी जेवणाची आणि झोपायची सोय साइटवरच केली. कोपऱ्यात थोडंसं कापून बघायचं, कड स्वच्छ आली की सुरू. साडेचार-साडेचार मीटरवर, सरळ रेषेत, भिंतीपर्यंत. तो भिंतीपासून हातभर अलीकडे थांबायचा, मशीन जात नाही म्हणून. तेवढा भाग छोट्या ग्राइंडरनं पुरा करून घेतला.

क्युरिंग दोन आठवडे, गोणपाट आणि वर प्लास्टिक. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, होतं, त्याला दहा दिवसांच्या खाली चालतच नाही. वाफे करून पाणी साठवायची जुनी रीत चांगली आहे, पण चिरलेल्या सांध्यांतून पाणी खाली जाऊ द्यायचं नव्हतं.

ऑफिसचा वरचा स्लॅब त्यामानानं बिनबोभाट झाला. सळई तळापासून उचलून धरणारे २० मिमीचे कव्हर ब्लॉक सिमेंटचेच वापरले, खडीचे तुकडे नव्हेत. सात दिवसांनी टेकू काढायची अण्णांना घाई होती, पण गाळा साडेचार मीटरहून मोठा होता, तिथं आयएस ४५६ चौदा दिवस सांगतं. शिवाय तो आकडा साध्या सिमेंटचा, आमचं पीपीसी. म्हणून आणखी थोडे जास्तच ठेवले.

ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे क्यूब सात दिवसांनी २१-२२ ला फुटले तेव्हा अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता. "बघा, तीसचं सांगून एकवीस." राखेच्या सिमेंटला ताकद सावकाश येते. २८ दिवसांचे आकडे ३८-३९ आले, त्यावर अण्णा काही बोलले नाहीत. पण पुढच्या एका साइटसाठी त्यांनी माझ्याकडून कटरवाल्याचा नंबर मागून घेतला.

माल लगेच ठेवला नाही. काँक्रीट सुकायला चांगल्या हवेत इंचाला महिना धरतात, आणि आमचं तर खालून बंद, म्हणजे सगळं वरूनच सुकणार. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेप मारून रात्रभर चिकटवून ठेवायचा, सकाळी उचलून बघायचा. आत दव किंवा काँक्रीटवर काळसर डाग दिसला तर अजून थांबायचं. सुरुवातीला प्रत्येक वेळी दव होतं. उन्हाळा पुरा अंगावर घेतल्यावर चौकोन कोरडे निघाले, मग थप्प्या लागल्या. त्याही लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून दोन फूट सोडून.

सांधे भरायलाही अशीच सबुरी लागली. कोबा आकसतोय तोवर भरलं की भरलेलं सुटतं. तीनेक महिन्यांनी, फोर्कलिफ्टच्या वाटेवर कडक इपॉक्सी आणि बाकी ठिकाणी साधं सीलंट. एक पावसाळा गेल्यावर मॅडमनी तीन मीटरची पट्टी घेऊन सगळं फिरून बघितलं. कडा उचललेल्या दोन-तीन जागी हलकं ग्राइंडिंग करायला सांगितलं. मालाच्या दाराशी, कोबा आतल्या कोपऱ्यात वळतो तिथं, एक केसाएवढी भेग आहे. तिच्या दोन्ही टोकांना त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहून ठेवली. रेघेच्या पुढं सरकली तर कळवा, म्हणाल्या, नाहीतर हात लावू नका. दाराबाहेर दीड मीटरचा पट्टा अजून व्हायचा आहे, पागोळीचं पाणी भरावात शिरू नये म्हणून. तो दिवाळीनंतर धरलाय.