स्नॅपच्या आधीचे पंधरा सेकंद

अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, आपल्याकडे सुरू होतो सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास. फेब्रुवारीच्या गारठ्यात टिळकवाडीत किंवा खानापुरात कुणी एवढ्या लवकर उठून सामना लावलाच, तर नजर चेंडूमागे धावते. चाळिशीला टेकलेले क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारे आणि पास फेकणारे खेळाडू, हे सामने का जिंकतात, ते मात्र स्नॅपआधीच, म्हणजे सेंटर नावाचा खेळाडू पायांमधून चेंडू मागे देण्याआधीच, दिसून गेलेलं असतं.

निपाणी-चिकोडीकडच्या कबड्डीत वाढलेल्यांना हे पटकन समजेल. मुरलेला चढाईपटू आत शिरण्याआधी समोर गडी किती उरलेत ते मोजतो, कारण सहा किंवा जास्त असतील तरच बोनस मिळतो. कोपऱ्यातल्या गड्याचा भार कुठल्या पायावर आहे, साखळी कुणी धरली आहे, हे तो 30 सेकंदांत हेरतो. क्वार्टरबॅकला मिळतात 40. मागची चाल संपली की घड्याळ 40 वरून उलटं फिरू लागतं. प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून चाल सांगतो, पण घड्याळात 15 उरले की रेडिओ बंद होतो. पुढचं सगळं त्याचं एकट्याचं.

पहिली नजर जाते बचावात सर्वांत मागे उभ्या असलेल्या दोन सेफ्टींकडे. एकच मधोमध खोल उभा असेल, तर कडेच्या रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्यावर) बहुधा एकास एक पहारा असतो. दोघेही खोल असतील, तर लांब पास धोक्याचा, आणि पुढच्या फळीत एक माणूस कमी असल्याने चेंडू घेऊन पळणं सोपं. बचाव मात्र मुद्दाम खोटी मांडणी दाखवतो आणि स्नॅपच्या क्षणी ती बदलतो. म्हणून एका रिसीव्हरला आडवं पळवून पाहायचं. त्याच्यामागे कुणी मैदानभर धावत गेलं, तर बहुधा माणसावर पहारा आहे. बाकीचे जागच्या जागी थोडे सरकले, तर जागेवर. मग तो बोट दाखवून एका लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला) ‘माइक’ ठरवतो, म्हणजे पुढचे पाच अडवणारे कुणापासून मोजायचं ते समजून घेतात. सहा जण चालून आले आणि अडवणारे पाचच असले, तर एक मोकळा सुटणारच. त्याला घाबरायचं नाही. तो पोहोचण्याआधी त्यानेच सोडलेल्या जागेत चेंडू टाकायचा. स्नॅपनंतर हातात साधारण अडीच सेकंद असतात. एवढ्यात विचार होत नाही, आधी केलेला विचार फक्त अमलात येतो.

आवाज हेही हत्यारच. हाक मुद्दाम खालीवर केली की अधीर बचावपटू रेषा ओलांडतो. 5 यार्ड फुकट मिळतात, शिवाय कोण चालून येणार होतं तेही कळतं.

5 फेब्रुवारी 2017 चा सुपर बोल या साऱ्याचा सर्वांत चांगला धडा आहे. न्यू इंग्लंडचा 39 वर्षांचा टॉम ब्रेडी अटलांटाविरुद्ध तिसऱ्या सत्रात 28-3 असा मागे होता. त्याआधी त्याचा एक पास रॉबर्ट आल्फर्डने पकडून 82 यार्ड पळत टचडाऊन केला होता, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला होता. अशा वेळी तरुण क्वार्टरबॅक सगळं एकदम परत मिळवायला जातो आणि लांब पास फेकत सुटतो. ब्रेडीने छोटे पास टाकले. एकट्या जेम्स व्हाइटने 14 पास झेलले. न्यू इंग्लंडने 93 चाली खेळल्या, अटलांटाने 46. अटलांटाच्या बचावाचे पाय तिथेच गेले. 62 पैकी 43 पास पूर्ण, 466 यार्ड, आणि जादा वेळेत 34-28.

डोळ्यांचा वापरही वयाबरोबरच येतो. नवखा ज्याला पास द्यायचा त्याच्याकडेच टक लावून बघतो, आणि सेफ्टी ते डोळे वाचतो. फेब्रुवारी 2022 च्या सुपर बोलमध्ये मॅथ्यू स्टॅफर्डने शेवटच्या आक्रमणात नजर एकीकडे ठेवून दुसरीकडे कूपर कपला चेंडू दिला. तो त्याचा तेरावा हंगाम होता. आधीच्या बारा हंगामांत डेट्रॉइटकडून त्याने प्लेऑफचा (बाद फेरीचा) एकही सामना जिंकला नव्हता.

नियमांचीही मदत झाली. 2008 च्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. 2009 पासून जमिनीवर पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घेणं बंद झालं.

पण हे सगळं वाचन एका गोष्टीपुढे हरतं: चारच माणसांनी दबाव आणला आणि सात जण मागे राहिले, तर मोकळी जागाच उरत नाही. त्या दुखापतीआधी, फेब्रुवारी 2008 च्या सुपर बोलमध्ये जायंट्सनी ब्रेडीला पाचदा पाडलं आणि 17-14 ने जिंकले. 2021 च्या सुपर बोलमध्ये 43 वर्षांचा ब्रेडी टँपाकडून खेळला तेव्हा हीच युक्ती त्याच्या बाजूने होती. कॅन्सस सिटीच्या अडवणाऱ्या फळीतले कडेचे दोन्ही मुख्य खेळाडू (टॅकल) जखमी होते, टँपाने बहुतेक वेळा चौघेच पुढे पाठवले, सेफ्टी खोल ठेवले, आणि पॅट्रिक महोम्सला एकही टचडाऊन करता आला नाही. ब्रेडीचे तिन्ही टचडाऊन पास पूर्वार्धातच आले. निकाल 31-9.

दुसरा शत्रू म्हणजे गोंगाट. 2014 च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरचा 37 वर्षांचा पेटन मॅनिंग 55 टचडाऊन पासांचा विक्रमी हंगाम करून आला होता. पहिल्याच चालीत तो सूचना बदलायला पुढे सरकला. आवाजात सेंटरचा गोंधळ झाला, चेंडू मॅनिंगच्या डोक्यावरून मागे स्वतःच्याच गोलक्षेत्रात गेला आणि 12 सेकंदांत सिएटलला 2 गुण मिळाले. डेन्व्हर 43-8 ने हरलं.

दोन वर्षांनी तोच मॅनिंग जिंकला तेव्हा त्याचा हात जवळपास संपला होता. त्या साखळी हंगामात 9 टचडाऊन, 17 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास). अंतिम सामन्यात फक्त 141 यार्ड आणि एकही टचडाऊन पास नाही. सामना बचावाने जिंकला, आणि वॉन मिलर सामनावीर ठरला तो योग्यच. मॅनिंगचं काम होतं अवाजवी जोखीम न घेता बचावाला आघाडी राखू देणं, आणि तेवढं त्याने केलं. शेवटी मिलरने कॅम न्यूटनच्या हातून चेंडू उडवला, डेन्व्हरला तो गोलरेषेपासून 4 यार्डांवर मिळाला, सी. जे. अँडरसनने टचडाऊन केला. मग टचडाऊननंतर मिळणाऱ्या 2 गुणांच्या प्रयत्नात मॅनिंगने बेनी फाउलरला पास दिला. निकाल 24-10. पुढच्याच महिन्यात तो निवृत्त झाला. 2 यार्डांच्या रेषेवरून टाकलेला तो त्याचा शेवटचा पास.